टाकू नये

गारखेडा, छ. संभाजीनगर
२१ नोव्हेंबर २०२५

चि. तनुजास आशीर्वाद.

या पत्राबरोबर बर्फाच्या डब्यात दोन बाटल्या आहेत. एकीत काल न लागलेलं दही आहे, दुसरीत चक्क्याचं पाणी. तू पुण्यात जंतूंवर काम करतेस म्हणून तुला पाठवते आहे. फोन केला असता, पण फोनवर माणसं आधी गप्प होतात, मग "मावशी, कशी आहेस" विचारतात आणि कामाचं राहून जातं.

शेंद्र्याच्या आपल्या शेडवर रोज दोनशे लिटर दूध येतं. दही कंपन्यांच्या कॅन्टीनला जातं, काही दह्याचा चक्का बांधतो. विरजण माझ्या सासूबाईंपासून चालत आलेलं. तीस वर्षांत ते कधी विकत आणलं नाही. दसऱ्याला पहिल्यांदा सगळेच्या सगळे कॅन फसले. चौथ्या दिवशी तुझे काका गेले. त्यानंतरही आठवड्यातून दोन-तीनदा तसंच होतं. सकाळी झाकण काढावं तर दूध कालच्यासारखंच, गोडसर आणि पातळ. दूध त्याच गोठ्यांचं, तापवणं तेच, कामाला बन्सी तोच.

कडुबाभाऊजी तेराव्यानंतर आले होते. शेडमध्ये त्यांचा अर्धा हिस्सा आहे. म्हणाले, "वहिनी, सोमनाथसंगं त्याचं दही बी गेलं. कशाला जिवाला तरास करून घेता? गोडाऊनला देऊन टाकू, कंपनीवाले विचारायलेत." मी सांगितलं, गुढीपाडव्याचा चक्का याच शेडमधून जाईल. नाही गेला तर त्या दिवशी चाव्या तुमच्या हातात देईन.

काका शेवटी शेवटी विसरत होते. विरजणाचं माप चुकत असेल असं मला वाटायचं. पण ते गेल्यावरही का चुकतं, हे कळत नाही. दोष माणसाचा आहे की आणखी कशाचा, एवढं मला सांग. तुझ्या आईला यातलं काही बोलू नकोस.

आशामावशी


पुणे
५ डिसेंबर २०२५

ती. सौ. मावशीस नमस्कार.

बाटल्या पोचल्या. एकीचं झाकण गळत होतं, कुरियरवाल्याने नाक धरूनच सही घेतली.

विरजणाच्या मापाचा प्रश्न नाही. तुझ्या दह्याला विषाणू लागला आहे. दही लावणारे जंतूसुद्धा आजारी पडतात. त्यांचे विषाणू वेगळे असतात, माणसाला त्यांच्यापासून काही होत नाही. विषाणू जंतूवर बसतो, आपल्या जनुकांचा धागा त्याच्या आत सोडतो. अर्ध्या-पाऊण तासात जंतू फुटतो आणि आतून शंभरेक नवे विषाणू बाहेर पडतात. ते पुढच्या जंतूंवर बसतात. दूध आंबवायला कोणी उरतच नाही. तुझ्या चक्क्याच्या पाण्याच्या एका थेंबात ते लाखोंनी आहेत.

तयार विरजणाची पाकिटं मिळतात, ती आण. कंपन्या त्यांत असे विषाणू सोसणारे जंतू निवडून घालतात. आणि मावशी, थोडी थांब ना. काकांना जाऊन दोन महिने झाले आहेत. सगळं एकटीने ओढायलाच हवं असं नाही. काही महिने शेड बंद राहिली तर आभाळ कोसळत नाही.

तरीही शेडवर रोज काय काय होतं ते क्रमाने लिहून पाठव.

तनुजा


गारखेडा
१४ डिसेंबर २०२५

चि. तनुजास आशीर्वाद.

शेड बंद ठेवणार नाही. पाकिटंही आणणार नाही. ते दही वाईट असतं असं नाही, पण ते आमचं नाही. तू मला विश्रांती घ्यायला सांगितलीस. घरात बसले की काकांची खुर्ची समोर असते. शेडवर निदान कॅन असतात.

पत्राच्या वर सवयीने 'सौ.' लिहिलंस. राहू दे. पुढेही तसंच लिही.

आमचा क्रम असा. सकाळी सातला दूध येतं. तापवतो, कोमट करतो, विरजणाच्या कॅनमधून माप घालतो. दुसऱ्या दिवशी दही जातं. चक्क्याचं दही त्याच खोलीत फडक्यात बांधून टांगतो, खाली पाणी गळतं. मे महिन्यात बोअर आटला आणि टँकर दिवसाआड यायला लागला, तेव्हापासून फडकी आणि विरजणाचा कॅन मी चक्क्याच्या पाण्याने विसळून घेते, मग एकदाच साध्या पाण्याने. आंबट पाण्यात जंतू टिकत नाहीत. काकांना ते आवडलं नव्हतं, पण दिवसाला तीन पिंपं पाणी वाचलं.

मधे मी एक करून पाहिलं. इथे मागच्या गल्लीत चतुराबाई राहतात. काकांनी त्यांना चार वर्षांपूर्वी विरजण दिलं होतं, त्यांनी ते घरी चालू ठेवलं आहे. मागायला गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. "आता नाही देत गं विरजण, सकाळी ये," म्हणाल्या. सकाळी गेले तर त्यांच्या हातात वाटी आणि डोळ्यांत पाणी. मी वाटी घेतली आणि निघाले. ते दही शेडवर दोन दिवस काकांच्या दह्यासारखं घट्ट लागलं. तिसऱ्या दिवशी पाणी. बन्सी म्हणाला, "बाई, ह्या शेडलाच कुनाची तरी नजर लागली." मी त्याला गप्प केलं.

तेच विरजण चतुराबाईंकडे लागतं आणि माझ्याकडे का लागत नाही? आणि हा विषाणू आला कुठून?

आशामावशी


पुणे
२७ डिसेंबर २०२५

ती. मावशीस नमस्कार.

'सौ.' बद्दल माफ कर. लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं होतं, पण पाकीट गेलं होतं.

चतुराबाईंचं विरजण काकांचंच आहे, पण त्याने हा शत्रू पाहिलेला नाही. सांगते. विषाणूचा हल्ला झाला की बहुतेक जंतू मरतात. पण लाखात एखादा असा निघतो की आत आलेल्या धाग्याचा छोटा तुकडा कापून तो आपल्याच जनुकांत खोवून ठेवतो. तुमच्याकडे कंपन्यांच्या गेटवर वॉचमन चोर ओळखण्यासाठी त्याचा फोटो चिकटवून ठेवतो ना, तसं. पुढे तोच विषाणू आत शिरला की जंतू त्या तुकड्याशी जुळवून बघतो आणि जुळला की धागा कापून टाकतो. त्याच्या पिल्लांनाही तो तुकडा मिळतो, त्यांना मुळापासून शिकावं लागत नाही. नवीन तुकडा नेहमी रांगेत सगळ्यांत पुढे लागतो, जुने मागे सरकतात. त्यामुळे ती रांग वाचली की त्या वंशाने कोणकोणते हल्ले सोसले ते क्रमाने कळतं.

म्हणून नवं किंवा दुसऱ्याकडचं विरजण आणून उपयोग नाही. तुला दसऱ्याच्या वेळी जे वाचले ते हवेत. न लागलेल्या दुधातच ते असतात, मूठभर. तेव्हाचं काही उरलं आहे का? तुम्ही ते सगळं ओतून दिलं असेल, तरी विचारते.

विषाणू कुठून आला हे सांगणं अवघड आहे. कच्च्या दुधातूनही येतो.

तनुजा


गारखेडा
९ जानेवारी २०२६

चि. तनुजास आशीर्वाद.

दूध आम्ही उकळी येईपर्यंत तापवतो, त्यात एकवेळ एखादा विषाणू वाचेल, लाखो नाही. एवढं मला कळतं. तू काहीतरी राखून ठेवलं आहेस. मीही ठेवलं होतं, म्हणून ओळखलं.

दसऱ्याचं उरलं आहे. घरच्या फ्रीजरमध्ये एक स्टीलचा डबा आहे.

दही फसलं की काका ते सगळं कधी ओतू द्यायचे नाहीत. एक डबाभर बाजूला ठेवायचे, झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून 'टाकू नये' लिहायचे आणि त्यातलंच चमचाभर पुन्हा पुन्हा दुधात घालून बघायचे. दर दोन-चार वर्षांनी दही रुसायचं आणि त्यांच्या या डब्यातून पुन्हा लागायचं. मला ते घाणेरडं वाटायचं. कॅन उकळून, घासून नवं विरजण करावं असं माझं मत होतं.

दसऱ्याला सकाळी दहा-बारा गिऱ्हाइकं शेडच्या दारात उभी होती आणि एकाही कॅनमध्ये दही नव्हतं. काका डबा भरत होते. मी बन्सीसमोर त्यांना म्हणाले, "तुमच्या हाताला आता दही लागत नाही. उद्यापासून कॅनला हात लावू नका." त्यांनी पट्टीवर 'दसरा' आणि खाली 'टाकू नये' लिहून डबा पिशवीत घातला. पुढचे तीन दिवस त्यांनी खरंच कॅनला हात लावला नाही. शेडच्या दाराशी घरून आणलेली खुर्ची टाकून बसायचे. चौथ्या सकाळी दुधाची गाडी आली तेव्हा त्याच खुर्चीत गेले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या पहिल्या पत्रात माप चुकलं नव्हतं एवढं कळलं. म्हणजे मी त्यांना जे बोलले ते खोटं होतं. पण मग खरं काय, ते मला हवं आहे. मी रडेन म्हणून गाळू नकोस.

अर्धं डब्यातलं पाठवते आहे, सोबत चतुराबाईंच्या घरचं थोडं दही. अर्धं इथे आहे. झाकण मी दिलेलं नाही.

आशामावशी


पुणे
३ फेब्रुवारी २०२६

ती. मावशीस नमस्कार.

आधी चांगलं. डब्यात वाचलेले आहेत. त्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे एक नवा तुकडा आहे आणि तो तुझ्या शेडवरच्या विषाणूशी अक्षराला अक्षर जुळतो. त्याच्या मागे एकोणतीस जुने तुकडे आहेत. चतुराबाईंच्या दह्यातही तेच एकोणतीस, त्याच क्रमाने. नवा तेवढा नाही. मावशी, हे विरजण याआधी अनेकदा मरता मरता वाचलेलं आहे. किती वेळा काकांनी वाचवलं आणि किती वेळा तुझ्या सासूबाईंनी, ते मला सांगता येत नाही. पण डबा ठेवण्याची त्यांची पद्धत बरोबर होती. मोठ्या डेअऱ्यांतही फसलेल्या टाकीतूनच वाचलेले शोधतात.

आता तू विचारलेलं. मी गाळलं होतं हे खरं आहे.

विषाणू सगळ्यांत जास्त चक्क्याच्या पाण्यात असतात. आंबटपणाने ते मरत नाहीत. एखाद-दुसरा विषाणू सगळ्याच डेअऱ्यांत असतो, काकांच्या काळीही असेल. पण मेपासून विरजणाचा कॅन त्या पाण्याने विसळला जात होता. रोज. म्हणजे रोजचं पीक रोज विरजणाला पाजलं जात होतं. दही फसलं ते त्यामुळे. पाणी नव्हतं म्हणून तू ते केलंस, वाईट हेतूने नाही.

आता पुढचं. माझ्याकडचं काही खायच्या दह्यात वापरायचं नाही, प्रयोगशाळेतलं आहे. निवड तुलाच करावी लागेल. उरलेल्या डब्यातून बारा वाट्या लाव. प्रत्येकीत मुद्दाम एक चमचा चक्क्याचं पाणी घाल. ज्या लागतील त्यांच्यातून पुन्हा लाव, पुन्हा पाणी घाल. तीनदा. शेवटी ज्या उभ्या राहतील त्यांचं थोडं थोडं मला वाचायला पाठव. फडकी आणि कॅन उकळत्या पाण्यात. विरजण चक्क्याच्या खोलीत नको.

घावातूनच बळ येतं, मावशी. हे जंतू बघून मला तसंच वाटलं.

तनुजा


गारखेडा
२२ फेब्रुवारी २०२६

चि. तनुजास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि शेडवर गेले. कडुबाभाऊजी आले होते, गोडाऊनच्या माणसाला माप दाखवत होते. त्या माणसासमोरच मी बन्सीला म्हणाले, दसऱ्याला मालकांना बोलले ते खोटं होतं. चूक माझी होती, चक्क्याच्या पाण्याची.

बन्सी फडकं पिळत होता. म्हणाला, "मालकाला ठावं व्हतं बाई. मला म्हणले, त्या पान्याचाच घोळ दिसतो बन्सी. पर आता नको बोलू. दसरा झाल्यावर मी सांगतो तिला, पानी नाय म्हणून केलंय तिनं."

हे ऐकून मला बरं वाटलं असेल असं तुला वाटेल. वाटलं नाही. राग आला. त्यांनी तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं. मी ऐकलं नसतं, भांडले असते, पण सांगायला हवं होतं. हा राग मी ठेवणार आहे. माझी चूक आहे तीही ठेवणार आहे. दोन्हींचं ओझं होत असलं तरी कॅन उचलता येतात.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, विषाणूबिषाणू गिऱ्हाइकाला कळू देऊ नका, पळून जातील." कॅन्टीनच्या मॅनेजरला मी स्वतः सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दह्याला सर्दी झाली होती का मॅडम?" मी हो म्हटलं. त्याने ऑर्डर चालू ठेवली.

बारा वाट्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडल्या. चक्क्याचं पाणी चमच्याने घालताना पहिल्या वाटीला हात थांबला. डब्यात अर्धंच उरलं होतं आणि त्यात मी स्वतः विष घालत होते. मग बाराही वाट्यांत घातलं. सकाळी नऊ वाट्या पाणी, तीन लागल्या. दुसरी, सातवी आणि अकरावी. पुन्हा लावल्या, पुन्हा घातलं. पुन्हा लागल्या. तिसऱ्यांदाही. सातवी सगळ्यांत घट्ट आहे, शेडवर तीच चालू केली आहे. दहा दिवसांत एकही कॅन फसलेला नाही. तिघींचं थोडं थोडं आणि शेडवरचं चक्क्याचं पाणी पाठवते आहे.

तुझं शेवटचं वाक्य मला पटलं नाही. बहुतेक जंतू मेले, हे तूच लिहिलंस. जे वाचले त्यांच्या हाती तुकडा लागला, बाकीच्यांच्या लागला नाही. घावातून बळ वगैरे मला सांगू नकोस. काका गेले त्यातून मला काहीही मिळालेलं नाही. मी दही लावते आहे ते मला लावायचं आहे म्हणून.

आशामावशी


पुणे
८ मार्च २०२६

ती. सौ. मावशीस,

'सौ.' यावेळी विचार करून लिहिलं आहे.

ते वाक्य मी परत घेते.

तिन्ही वाट्यांतल्या जंतूंच्या रांगा वाचल्या. सातवी आणि अकरावी एकसारख्या, डब्यात मला सापडला होता तोच तुकडा. दुसरीने विषाणूच्या वेगळ्याच जागेवरचा तुकडा घेतला आहे. हे फार कामाचं आहे. कारण विषाणूही बसून राहत नाही. त्याची पिल्लं करोडोंनी होतात, त्यांत कुणा एकाचं नेमकं त्या तुकड्यातलं एक अक्षर बदलतं. एकच. मग जंतूला तो जुळत नाही आणि तो सरळ आत शिरतो. काही विषाणू तर जंतूची कात्रीच अडकवून टाकणारं प्रथिन बरोबर आणतात.

तू बरोबर पाठवलेल्या चक्क्याच्या पाण्यात मला असा एक बदललेला सापडला आहे. थोडा आहे, पण आहे. सातवी पाडव्याआधी फसू शकते. घाबरवायला लिहीत नाही. तू गाळू नकोस म्हणाली होतीस.

दुसरी वाटी जपून ठेव. यापुढे दोघी आलटून पालटून लाव, म्हणजे विषाणूला एकीचा सराव होणार नाही. हे कधी संपणार असं विचारलंस तर, संपत नाही. तो बदलतो, मग जंतू नवा तुकडा घेतात. मग तो पुन्हा बदलतो.

तनुजा


गारखेडा
२३ मार्च २०२६

चि. तनुजास आशीर्वाद.

सातवी चौदा मार्चला फसली. चार कॅन. सकाळी झाकण काढलं आणि बोट घातलं, ओघळलं. बन्सी माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं मी खाली बसेन. मी म्हटलं, "बघतोस काय, चूल पेटव. पाणी उकळायला ठेव." संध्याकाळपर्यंत सगळी खोली, कॅन, फडकी उकळत्या पाण्याने धुतली. टँकरचं सगळं पाणी त्यात गेलं. पिण्यासाठी बन्सीने शेजारच्या कंपनीच्या गेटवरून दोन जार आणले. दुसरी वाटी घरी होती. तिच्यातून एक तांब्या, तांब्यातून एक कॅन, कॅनमधून सगळे. तीन दिवस त्यात गेले. कॅन्टीनला तेवढे दिवस दही दिलं नाही. मॅनेजरचा फोन आला. "परत सर्दी का?" मी म्हटलं, "परत. आणि पुढेही होणार. दर वेळी बरी करू."

पाडव्याला नव्वद किलो चक्क्याची मागणी होती. चौऱ्याऐंशी किलो गेला. सहा किलो कमी पडला. ज्यांना मिळाला नाही त्यांना मी दारातच सांगितलं, दुसऱ्या दिवशी या. दोघे चिडून गेले, बाकीचे आले.

भाऊजी नवे कपडे घालून दहाला आले. शेडच्या दारावर बन्सीने उभारलेली गुढी त्यांनी पाहिली, टांगलेली फडकी पाहिली. म्हणाले, "मग वहिनी, चाव्या?" मी त्यांच्या हातात उकळलेल्या फडक्यांची बादली दिली. वाळत घाला म्हटलं.

"आज पाडव्याच्या दिवशी?"

"चक्का पाडव्यालाच लागतो भाऊजी."

त्यांनी बाह्या वर केल्या आणि घातली वाळत. नीट घातली. लहानपणी सासूबाईंनी दोघा भावांकडून हेच काम करून घेतलेलं आहे. जाताना म्हणाले, "सोमनाथ असता तर नव्वदच्या नव्वद किलो गेला असता." मी म्हटलं, "सोमनाथ असते तर मी त्यांच्याशी भांडत बसले असते आणि ऐंशीच गेला असता." तेव्हा ते हसले. तो माणूस माझ्यासमोर ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा हसला. गोडाऊनचं त्यांनी काढलं नाही. पुन्हा काढतील. काढू देत.

अकरावीही सातवीसारखीच, म्हणून ती शेडवर वापरत नाही. दुसरीला जोडी हवी. सातवीच्या फसलेल्या कॅनमधलं डबाभर घरी आणलं आहे. त्यातही कुणीतरी वाचलं असेलच. पुढच्या आठवड्यात बारा वाट्या पुन्हा मांडणार आहे. तुला वाचायला पाठवीन. तुझे प्रयोगशाळेतले साहेब ओरडत असतील तर त्यांना इथलं दही पाठवते, खाऊ देत.

डबा काकांचाच घेतला, झाकणही तेच. पट्टीवर त्यांचं अक्षर अजून तसंच आहे, 'दसरा. टाकू नये.' त्याच्या खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'पाडवा. टाकू नये.'

खाली अजून दोन-तीन ओळींची जागा आहे.

तुझी मावशी
सौ. आशा